बाबांनी लिहून दिलेले थांबे

नागपूर, वर्धा, अमरावतीकडच्या गावांतली माणसं पचमढीला थंड हवा खायला कमी आणि महादेवाला जास्त जातात. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूल घेऊन चौरागडावर, आणि नागपंचमीच्या आधी भर पावसात नागद्वारीला. माझ्या माहेरीही तेच. काटोल तालुक्यातल्या आमच्या गावाहून आजोबांच्या काळी पोहा, म्हणजे यात्रेकरूंचा जथा, पायी निघायचा. पुढे बाबा तरुण झाले तेव्हा एसटीनं जाणं सुरू झालं. बाबांनी दोन्ही केलंय. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं जाणं सुटलं. यंदा दिवाळीच्या फराळाला सगळे जमले होते, तेव्हा ते चकलीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "पोरी, एकदा महादेवाले नेऊन आण मले."

कुठं जायचं हा प्रश्न तिथंच मिटला. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण शेजारी बसली होती. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकू, लगेच म्हणाल्या, "मग मीही येते." त्यामुळे एकाच्या दोन गाड्या झाल्या. आमच्या गाडीत बाबा, नवरा, लेक आणि मी. दुसरीत मैत्रीण, तिचा नवरा, त्यांची दोन पोट्टी आणि काकू.

नागपूर ते पचमढी हे अंतर सावनेर, छिंदवाडा, तामिया या रस्त्यानं अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. फोनवरचा नकाशा सहा तास सांगतो. बाबांना तो दाखवला तर त्यांनी चष्मा वर केला, जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: सावनेर, पोहे. जामसावळी, दर्शन. सिल्लेवानी, गाडी थंड करणे. छिंदवाडा, जेवण. तामिया, पाहणे. देनवा, हातपाय धुणे.

आताच्या गाड्या घाटात तापत नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. पण त्यांच्या आठवणीतल्या एसटीचा ड्रायव्हर तिथं बॉनेट उघडून पाणी घालायचा आणि तेवढ्यात सगळी गाडी खाली उतरायची. मी त्या कागदावरची एकही ओळ खोडली नाही. म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असली की प्रवास किलोमीटरनी मोजायचा नसतो, पाय मोकळे करायला कधी मिळतं त्यावर मोजायचा असतो. ऑपरेशन झालेला गुडघा दीड तासाच्या वर एका जागी राहिला की आखडतो. मुलांचंही तसंच, फक्त ती बोलून दाखवतात. बाबांचे थांबे बरोबर तेवढ्या अंतरावर होते. त्यांनी ते घड्याळ लावून काढले नव्हते, इतक्या वर्षांच्या जाण्यायेण्यानं ते आपोआप तिथं बसले होते.

तयारीत आम्ही तीन गोष्टींवर वेळ घातला. पहिली गाडी. सकाळी टायर गार असताना हवा भरून घेतली, स्टेपनीतही. स्टेपनी बघायचं राहून जातं, आणि पूर्ण भरलेल्या गाडीत ती सगळ्या सामानाखाली असते, म्हणून जॅक आणि पाना वेगळ्या पिशवीत वरच ठेवला. ब्रेक पॅड बघून घेतले, कूलंट पाहिलं, पीयूसी आणि विम्याचे कागद बरोबर घेतले. दुसरी गोष्ट बसण्याची जागा. बाबा पुढच्या सीटवर, सीट पूर्ण मागे, म्हणजे पाय लांब करता येतात. ज्या पोट्ट्याला घाटात मळमळतं त्याला खिडकीजवळ, हातात मोबाईल नाही, नजर बाहेर रस्त्यावर. त्याला उपाशी ठेवायचं नाही आणि तेलकटही द्यायचं नाही. दशमीचा तुकडा आणि आल्याची वडी चालते. तिसरी गोष्ट दोन गाड्यांचा करार: तामियाच्या पुढे जंगलात फोनला रेंज नसते, तेव्हा पुढची गाडी प्रत्येक फाट्यावर थांबेल आणि मागची दिसल्याशिवाय वळणार नाही. आणि रात्री घाटात गाडी घालायची नाही. यावर दोन्ही घरांचं एकमत झालं, तेव्हाच मी निर्धास्त झाले.

माझ्या मैत्रिणीनं एक चौथा नियम घातला आणि तो सगळ्यांत कामी आला. प्रत्येक थांब्यावर मुलांनी गाड्या बदलायच्या. त्यामुळे बाबांच्या गोष्टी एकाच गाडीत अडकून राहिल्या नाहीत आणि काकूंच्या डब्यावरही सगळ्यांचा समान हक्क राहिला.

उजाडायच्या आधी निघालो. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे दिवे अजून लागलेले होते. जगदंबेच्या दिशेनं चालत्या गाडीतूनच हात जोडले. पाटणसावंगी मागे पडलं, सावनेरला पोचेपर्यंत ऊन आलं. पहिली ओळ: पोहे. वर चण्याची तर्री, कांदा, लिंबू. बाबांनी तर्री दोनदा मागितली. मी डोळे मोठे केले, तर म्हणाले, "इथून पुढं डॉक्टरचं ऐकतो."

केळवदच्या पुढे महाराष्ट्र संपतो आणि पाट्या हिंदी होतात. पण सौंसरपर्यंत बोलणं मराठीच राहतं. हा भाग २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होता, आता नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. माती, घरं, शेताचे धुरे सगळं काटोलसारखंच, आणि दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराची तोड चालू होती. बाबांनी यादीत नसलेला थांबा मागितला तो इथं. एका बागेच्या कुंपणाशी गाडी लावली. झाडं फळांनी इतकी वाकलेली की फांद्यांना खालून बांबूचे टेकू दिलेले. मुलांनी संत्री आयुष्यभर टोपल्यांतच पाहिलेली. लेकीनं विचारलं, "आबाजी, या झाडाला आधार काऊन द्यावा लागतो?" बाबांनी तिला टेकूवर हात ठेवायला लावला आणि फांदीचं वजन जाणवू दिलं. मग फळ कसं तोडायचं ते दाखवलं: ओढायचं नाही, देठाजवळ कातरायचं, नाहीतर साल फाटते आणि फळ टिकत नाही. बागवाल्यानं आम्हाला मनापासून बोलावलं, आत हिंडू दिलं. येताना पेटी घेऊ असं ठरवून निघालो.

जामसावळीला पिंपळाखालचा निजलेला मारुती. गर्दी कमी होती, दर्शन चटकन झालं.

सिल्लेवानीच्या घाटात आम्ही खरंच गाडी थंड केली. बाजूला रुंद जागा बघून दोन्ही गाड्या लावल्या, बॉनेट मात्र उघडलं नाही. बाबा खाली उतरले आणि त्यांना छोटी लाईन आठवली. नागपूरहून छिंदवाड्याला नॅरोगेजची गाडी होती. बंगाल-नागपूर रेल्वेनं बांधलेल्या सातपुड्यातल्या त्या जाळ्याचा हा एक भाग. २०१५ मध्ये ती ब्रॉडगेजसाठी बंद झाली. बाबा सांगत होते, चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोट्टे उतरून बाजूनं चालायचे आणि पुन्हा चढायचे. मुलांना हे खरं वाटेना. काकू म्हणाल्या, "अरे, मी स्वतः बोरं तोडून आणलीत तशी." मग विश्वास बसला. काकूंचं माहेर छिंदवाड्याचं, हे माझ्या मैत्रिणीच्या मुलांना ठाऊक होतं, पण त्या लग्न होऊन त्याच छोट्या लाईननं नागपूरला आल्या हे त्यांना त्या वळणावर कळलं. मैत्रिणीलाही तिथंच कळलं. घरी इतकी वर्षं एकत्र राहून जे बोलणं झालं नव्हतं, ते घाटातल्या कठड्यावर बसून झालं.

छिंदवाड्यात एका झाडाखाली डबे उघडले. भरीत, दशम्या, लसणाची चटणी, दही. पुढे परासियाचा कोळशाचा पट्टा, काळे ट्रक, रस्त्याच्या कडेला काळी धूळ. हा तुकडा मुलं झोपून गेली.

तामिया मात्र जागं करून दाखवावं असं आहे. रस्ता पठारावरून जात असतो आणि एकदम डाव्या-उजव्या हाताला जमीन संपते. खाली डोंगरांच्या रांगांमागे रांगा. इथून जवळच पाताळकोट आहे, घोड्याच्या नालेसारखी सगळीकडून कड्यांनी वेढलेली दरी, वरून खाली हजार-बाराशे फूट तरी. तिच्या तळाशी भारिया आदिवासींची गावं आहेत. रस्ते झाले नव्हते तेव्हा ती माणसं मीठ आणायला कडा चढून वर यायची. कठड्याजवळ उभं राहून मुलं खालच्या शेतांचे चौकोन बघत होती. लेक म्हणाली, "तिथं शाळा आहे का?" मी म्हटलं, आहे. "मग त्यांची सुट्टी झाली की ते वर बघत असतील." यावर काय बोलायचं मला सुचलं नाही. येताना पाताळकोटला वेळ द्यायचा, असं मात्र तिथं ठरलं.

तामिया सोडल्यावर देलाखारीच्या बाजूला जंगल बदलतं. इथवर साग होता, आता साल सुरू होतो. सातपुड्याच्या या भागात दोन्ही एकत्र भेटतात. पानगळीला लागलेला, मळकट झालेला साग आणि शेजारी हिरवागार, सरळसोट साल. बाबा जाणाऱ्या झाडांकडे बोट करून नावं सांगत होते, पोट्टी ओरडून म्हणत होती. आणि नेमकी याच तुकड्यात मैत्रिणीची गाडी मागे दिसेनाशी झाली.

आम्ही पुढच्या फाट्यावर थांबलो. रेंज नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. नवरा म्हणाला, परत वळू. गाडी वळवून मागे गेलो तर चढावर त्यांचं मागचं चाक बसलेलं. मैत्रिणीच्या नवऱ्यानं स्टेपनी काढलेलीच होती, जॅक वरच होता. पण उतार असा की गाडी घसरेल ही भीती. बाबा काठी टेकत उतरले आणि त्यांनी सूत्रं हातात घेतली. आधी सगळ्यांना गाडीबाहेर, रस्त्याच्या आतल्या बाजूला उभं केलं. मग मुलांना दगड शोधायला पाठवलं. गोल नको, चपटे आणि जड. बाकीच्या तिन्ही चाकांना खालच्या अंगानं दगड लागले, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली. जॅक लावायच्या आधी नट थोडे सैल करून घेतले, कारण चाक उचलल्यावर ते गरगर फिरतं आणि नट हलत नाही. मोटरसायकलवरून जाणारा एक तरुण न सांगता थांबला, त्याच्या बायकोनं काकूंना सावलीत नेलं. चाक बदलून झालं तेव्हा पोट्ट्यांचे हात काळे आणि चेहरे विलक्षण आनंदी होते. पंक्चर झालं म्हणून दिवस बिघडला असं तिथं कोणालाच वाटलं नाही. मटकुलीला चाक दुरुस्त करून घेतलं, कारण पुढच्या घाटात स्टेपनीशिवाय जायचं नव्हतं.

देनवा नदीवर ऊन कलतं झालं होतं. शेवटची ओळ: हातपाय धुणे. पाणी गार. बाबांना दोन्ही बाजूंनी धरून काठावरच्या खडकावर बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. टाके घातलेल्या जागी पाणी लागल्यावर त्यांनी डोळे मिटले. पूर्वी पोहा इथं थांबला की सगळे हातपाय धुवून मगच वर चढायचे, असं ते म्हणाले. महादेवाच्या डोंगरावर रस्त्याची धूळ न्यायची नाही. आम्ही सगळ्यांनी धुतले.

मग घाट. दुसरा गिअर, हॉर्न, आणि वरून येणाऱ्या गाड्यांना वळणावर वाट. इथं दगडही निराळा. काळा बेसाल्ट संपून लालसर वालुकाश्माचे उभे कडे सुरू होतात. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, पचमढी हजाराच्या वर. काचा खाली केल्या तर हवेतला फरक गालांना कळत होता. अंधार पडायच्या आत पोचलो.

दुसऱ्या दिवशी जटाशंकर. भस्मासुरापासून लपायला महादेव इथं आला, अशी कथा. गुहेत उतरायच्या पायऱ्या आहेत. बाबा निम्म्यापर्यंत आले आणि तिथूनच हात जोडले. बड्या महादेवाच्या गुहेत मात्र ते आतपर्यंत गेले. छतातून पाणी ठिबकत असतं, अंगावर पडतं. ते पुसू नका म्हणाले.

चौरागडाची वाट तिथूनच पुढे. साडेतीन-चार किलोमीटर चढ, हजारावर पायऱ्या. बाबांनी गावच्या लोहाराकडून एक त्रिशूल करून आणला होता, हातभर लांबीचा, पंच्यात गुंडाळलेला. निघताना डिकीत सर्वांत वर तो ठेवला होता. तो आजोबांच्या नावाचा. आजोबा शेवटच्या वर्षी आजारी पडले आणि त्यांचं जाणं राहिलं. ते बाबांच्या मनात इतकी वर्षं होतं. आम्हाला ते तिथं, पायथ्याशी, पंचा सोडताना समजलं. त्यांनी त्रिशूल माझ्या लेकीच्या खांद्यावर ठेवला, टोक मागे, पातं वर, आणि हात कुठं धरायचा ते दाखवलं. म्हणाले, "खाली टेकवू नको. थकली तर दुसऱ्याच्या खांद्यावर दे."

ते आणि काकू खाली थांबले. आम्ही चढलो. तिन्ही मुलांनी आळीपाळीनं त्रिशूल नेला. खांदा बदलताना ती इतकी जपून बदलत होती की मागून येणारी माणसं थांबून वाट देत होती. वाटेत वर्ध्याकडची एक मंडळी भेटली, त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं पोट्ट्यांकडे बघून "हर बोला" म्हटलं आणि मुलांनी पूर्ण आवाजात "हर हर महादेव" केलं. वर पोचलो तर मंदिराभोवती त्रिशूलच त्रिशूल. बोटाएवढे, पुरुषभर उंचीचे, क्विंटलच्या घरातले, गंजलेले, शेंदूर लावलेले, एकावर एक रेललेले. एवढं लोखंड माणसांनी खांद्यावर वाहून इथवर आणलंय, हे समोर बघताना अंगावर काटा आला. मुलांनी मोकळी जागा शोधली, आजोबांचं नाव घेतलं आणि आमचा त्रिशूल उभा केला.

खाली आल्यावर बाबांचा पहिला प्रश्न: "सरळ लावला ना?" लेकीनं काडीनं मातीत मंदिर काढलं, दार काढलं, आणि कोणत्या अंगाला, कोणत्या मोठ्या त्रिशुळाच्या शेजारी ते दाखवलं. बाबांनी ते नीट पाहून घेतलं.

पचमढीत बाकी बघायला पुष्कळ आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ ज्या ठिकाणाहून हे पठार बघत होता तो पॉईंट, हांडी खोह, बी फॉल, पांडव गुहा. जंगलातल्या पॉईंटना परवाना आणि जिप्सी लागते, आपली गाडी सगळीकडे चालत नाही. ती जिप्सी सकाळीच ठरवून घ्यावी. धूपगड, सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर, सुमारे १,३५० मीटर. तिथं जिप्सी जवळपर्यंत जाते, त्यामुळे बाबा आणि काकूंना सूर्यास्त दाखवता आला. मला विचाराल तर वयस्कर माणसं असतील तेव्हा धबधबे सोडा, धूपगड सोडू नका.

येताना ठरल्याप्रमाणे पाताळकोटला वेळ दिला. मुलं रातेडच्या कड्यावरून खालची वाट बघत बसली, आणि संध्याकाळ झाली. सिल्लेवानी रात्री लागला असता, म्हणून तामियातच मुक्काम टाकला. ऑफिसला फोन करून रजा वाढवली. त्यावर वाद झाला नाही, करार आधीच झालेला होता.

सौंसरला त्याच बागेत थांबलो. बागवाल्यानं पेटी भरून ठेवायला सांगितली आणि बाबांना विचारलं, "झालं का महादेवाचं?" बाबांनी त्रिशुळाची हकीकत सगळी सांगितली, कोण किती वेळ घेऊन चाललं त्यासकट. तो म्हणाला, त्यांचीही मंडळी दर महाशिवरात्रीला जाते, इथूनच, चार दिवस आधी पायी. "या ना मग आमच्यासंग." बाबा म्हणाले, "माह्यानं आता होत नाही. पोट्टे येतील." लेकीनं लगेच मला महाशिवरात्रीची तारीख विचारली. मी कॅलेंडर उघडलं तर तिच्या शाळेच्या परीक्षा त्याच सुमारास. वेळापत्रक आलं की सांगते म्हटलं, आणि बागवाल्याचा नंबर लिहून घेतला.